परसातला रायवळ आंबा : छाटायचा की काढायचा?

सोनचाफा | 16 फेब्रुवारी 2025, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचं कौलारू घर आहे. आई तिथे एकटी राहते, वय 74. मी पुण्यात, भाऊ ठाण्यात.

परसात स्वयंपाकघराच्या भिंतीपासून पंधराएक फुटांवर रायवळ आंबा आहे. पणजीने कोय टाकून रुजवलेला, म्हणजे वय ऐंशीच्या पुढेच. 2020च्या निसर्ग चक्रीवादळात परसातले चार माड आणि बहुतेक पोफळी गेल्या. आंब्याच्या दोन खांद्या मोडल्या, पण झाड उभं राहिलं. दुसऱ्या वर्षी तौक्ते वादळातही राहिलं. तेव्हापासून आई म्हणते, यानेच घर राखलं.

पण आता एक जाडजूड फांदी थेट कौलांवर आली आहे. झाड घराकडे कललेलं वाटतं. बुंध्याला ढोली आहे आणि वर बांडगूळ माजलंय. भावाचं म्हणणं, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आत काढून मोकळं व्हायचं. लाकूडवाला येऊन बघूनही गेला. तोडणावळ त्याची, वर आठ हजार देतो म्हणाला. आईने त्याला चहासुद्धा विचारला नाही, यावरून समजा.

दोघांमध्ये मी अडकले आहे. आईची माया मला कळते, भावाची धास्तीही कळते. पण झाडाकडे नेमकं कुठे बघून ठरवायचं ते कोणी सांगेल का? सोबत तीन फोटो टाकलेत.

उंबरठा | 17 फेब्रुवारी, सकाळी 7:15

ताई, मी श्रीवर्धनचा. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

3 जून 2020, निसर्गचा दिवस. आमच्या पडवीला लागून आजोबांच्या वेळचा फणस होता. पान हिरवंगार, दरवर्षी बुंध्यापासून फणस लागायचे, शंका यावी असं काही नव्हतं. वडील पडवीत खाटेवर पडलेले. वारा चढला म्हणून आईने त्यांना हाताला धरून माजघरात आणलं. ते टेकतायत न टेकतायत तोच फणस मुळासकट पडवीवर आला. वासे, रिपा, कौलं, खाट, सगळ्याचा एक ढीग झाला.

झाड परत लावता येतं. तुमची आई एकटी आहे, रात्री-अपरात्री धावून यायला कोणी नाही. माझं मत, काढा.

सोनचाफा | 17 फेब्रुवारी, सकाळी 9:02

उंबरठा दादा, वाचून अंगावर काटा आला. वडील सुखरूप राहिले ही देवाची कृपा. हेच चित्र भावाच्या डोळ्यांपुढे असतं.

कातळसडा | 17 फेब्रुवारी, दुपारी 1:30

गुहागरला आमची आंब्याची बाग आहे, चाळीस वर्षं झाडांतच गेली. उंबरठा म्हणतात ती भीती खोटी नाही. निसर्गमध्ये आमच्याकडचे नातेवाईक हरिहरेश्वर, मुरुडला होते, त्यांनी जे सोसलं ते आम्ही बघितलंय.

पण ताई, झाड तीन तऱ्हांनी दगा देतं. एकतर मूळ सुटतं, नाहीतर बुंधा मोडतो, नाहीतर खांदी निखळते. तिघांची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे. भीती खांदीची असेल तर छाटणीने काम होतं, त्यासाठी झाड मारायचं कारण नाही. बुंधा पोकळ असेल तर किती पोकळ ते बघायचं. बेताचा असेल तर वरचं वजन उतरवून झाड वर्षानुवर्षं टिकतं. आणि मूळ सुटलेलं असेल, तर मात्र वर कितीही छाटा, त्याला अर्थ नाही. ते काढायचंच, मग पणजीचं असो की कोणाचं. उंबरठांचा फणस मुळाने गेला. पानं हिरवी होती म्हणून कोणी खाली बघितलं नसेल. पानं मुळाबद्दल फार उशिरा सांगतात.

तुमचे तिन्ही फोटो वरचे आहेत. बुंध्याचा फोटो टाका, चारी बाजूंनी, मातीपासून कमरेपर्यंत.

आणि दुसऱ्या फोटोत आंब्याच्या मागे जो माड दिसतोय, त्याचा शेंडा कुठे आहे?

सोनचाफा | 17 फेब्रुवारी, रात्री 9:20

शेजारच्या मुलाकडून बुंध्याचे फोटो मागवले, खाली टाकते आहे. माडाचं आमच्या लक्षातच नव्हतं. आई म्हणते गेल्या गणपतीपासून त्याला नवा कोंब आला नाही, जुन्या झावळ्या एकेक करून गळतायत. तो न्हाणीघराच्या अगदी मागे आहे.

रानजाई | 18 फेब्रुवारी, सकाळी 11:10

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, रत्नागिरीत. बुंध्याचे फोटो बघून दोन गोष्टी खटकल्या. एक, बुंध्याभोवती लाल मातीचा ढीग आहे, त्यामुळे खोड खांब रोवल्यासारखं सरळ मातीत जाताना दिसतंय. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी हत्तीच्या पायासारखा पसरलेला असतो. तो पसारा दिसत नसेल तर माती नंतर कोणीतरी टाकलेली आहे. सालीला माती लागून राहिली की ती आतून कुजते. दुसरं, मागच्या बाजूला सिमेंटचं झाकण दिसतंय. ते काय आहे?

बांडगुळाबद्दल एवढंच सांगते की ते झाड पाडत नाही, पण फांदीचा जीव शोषतं. वाळलेली फांदी ठिसूळ होते आणि पावसात तीच खाली येते. नुसतं ओरबाडून काढलं तर परत फुटतं, कारण त्याची मुळं फांदीच्या लाकडात घुसलेली असतात. जिथे चिकटलंय त्याच्या वीतभर खालून फांदीसकट कापावं लागतं. आणि वाळवीची माती सालीवर दिसली म्हणून घाबरू नका. ती बहुतेक मेलेली साल खाते, ओल्या कापडाने पुसून काढा. खोडाला भोक आणि खाली ताजा भुसा, डिंक दिसला तर मात्र तो भिरूड. तो जिवंत लाकूड पोखरतो. तारेने उकरून काढा, भोक शेणमातीने बंद करा.

सोनचाफा | 18 फेब्रुवारी, दुपारी 2:45

रानजाई ताई, ते शोषखड्ड्याचं झाकण. 2023 मध्ये नवा संडास बांधला तेव्हा खणला. आणि लाल माती त्याच खड्ड्याची. गड्यांनी आंब्याच्या बुडाशी टाकली, "झाडाला चांगली" म्हणाले. आईला आठवतंय की खणताना दोन मुळं तोडली होती, मनगटाएवढी. आम्ही कोणी त्याचा विचारच केला नाही.

कातळसडा | 18 फेब्रुवारी, सायंकाळी 6:05

हे महत्त्वाचं सांगितलंत. झाड घराकडे कललंय आणि खड्डा मागच्या बाजूला आहे ना? कललेल्या झाडाला मागची मुळं दोरासारखी ओढून धरतात. तोडली ती नेमकी त्याच बाजूची.

आता खड्डा बुंध्यापासून किती लांब ते मोजा. बुंध्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत जाड मुळं तोडली तर झाडाची पकड जाते, असा ठोकताळा आहे. छातीच्या उंचीवर दोरीने घेर घ्या, त्याला 3.14ने भागा, तिप्पट करा. खड्ड्याची कड त्याच्या आत येते की बाहेर ते कळवा.

जमीन कशी आहे हेही सांगा. कोय जागेवर रुजली म्हणजे सोटमूळ असणार, पण खाली कातळ लागला असेल तर तेही आडवंच पसरतं.

ओळंबा | 18 फेब्रुवारी, रात्री 8:50

मी बांधकामातला माणूस, झाडातलं कमी कळतं. पण कललंय की कलतंय हे मोजता येतं. गवंड्याचा ओळंबा घ्या. बुंध्याला आठ फुटांवर दोरीचा फेर बांधा (खिळा ठोकू नका), घराच्या बाजूने ओळंबा सोडा आणि टोक जिथे येईल तिथे लोखंडी खुंटी ठोका. पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक जोराच्या वाऱ्यानंतर परत सोडून बघा. टोक खुंटीवर आलं तर झाड जन्माचं तिरकं आहे, काळजी नाही. बोटभर जरी सरकलं तर त्या बाजूच्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका.

भिंतीला तडा पडला की आम्ही त्यावर काचपट्टी चिकटवतो, ती फुटली की तडा जिवंत आहे असं समजतो. हे तसंच.

पारवा | 19 फेब्रुवारी, सकाळी 8:30

तोडायचं ठरलं तरी परवानगीशिवाय हात लावू नका. झाडांच्या 1975च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत गुलमोहराच्या फांद्या छाटायलाही उद्यान विभागाची परवानगी घेतली.

रानजाई | 19 फेब्रुवारी, सकाळी 10:15

पारवा, तो कायदा नागरी क्षेत्रांचा, महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीतला. सोनचाफांचं गाव ग्रामपंचायतीत असेल तर तिथे 1964चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा येतो. त्याच्या अनुसूचीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. म्हणजे झाड स्वतःच्या परसातलं असलं तरी तोडायच्या आधी वन विभागाकडे अर्ज. लाकूडवाला "मी बघतो सगळं" म्हणाला असेल, पण जबाबदारी मालकाची राहते.

दूरदेशी | 19 फेब्रुवारी, रात्री 11:55

न्यू जर्सीहून लिहितोय, मूळ गाव चिपळूण. इथे घरामागच्या ओकसाठी आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, बोलावलं होतं. त्याने झाडाकडे बघायच्या आधी मला विचारलं, "याच्या खाली कोण असतं आणि किती वेळ?" झाड मोडण्याची शक्यता, मोडलं तर कोणावर पडेल आणि किती इजा होईल, या तीन गोष्टी एकत्र धरून ते धोका ठरवतात. रानातलं पोकळ झाड धोक्याचं नाही, कारण खाली कोणी नाही.

सोनचाफा ताई, कौलांवर आलेल्या त्या फांदीखाली घरातली कोणती खोली येते?

सोनचाफा | 20 फेब्रुवारी, सकाळी 7:40

स्वयंपाकघर आणि त्याला लागून आईची झोपायची खोली.

शिमग्याला मी आणि भाऊ दोघंही जातोय. सगळं मोजून आणते. तोवर आईला ओटीकडच्या खोलीत झोपायला लावलंय.

सोनचाफा | 17 मार्च, रात्री 10:10

काल परतले. लांब लिहिते आहे.

पालखी घरी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं परसात बसलो. आधी बुंध्याची माती काढली. फावडं नको असं ठरलं होतं, म्हणून खुरपं आणि हात. दीड फूट माती निघाली. खाली बुंध्याचा पसारा दिसायला लागला तेव्हा आई पायरीवरून उठून जवळ आली. म्हणाली, "इथे मी जातं धुवून ठेवायचे." एका मुळाला खरंच बसका खळगा होता. साल ओली, काळपट झाली होती, पण नखाने खरवडल्यावर आत हिरवी निघाली. फक्त खड्ड्याच्या बाजूला तळहाताएवढी जागा मऊ लागली, ती चाकूने साफ केली. कानासारखी कडक अळंबी कुठेही नाही.

घेर 280 सेंमी. म्हणजे व्यास 89, तिप्पट 267. खड्ड्याची कड बुंध्यापासून 9 फूट, म्हणजे 274 सेंमी. जेमतेम बाहेर. भावाने तीनदा मोजलं. तोडलेल्या मुळांपैकी एकाचं टोक उकरून बघितलं, तर त्याच्या कापलेल्या कडेतून पेन्सिलीएवढी चार-पाच नवी मुळं फुटली होती. ते बघून भाऊ कितीतरी वेळ काही बोलला नाही.

मागच्या बाजूला जमिनीला भेग नाही, माती उचललेली नाही. पंधरा-वीस फुटांवर विहीर आहे, तिच्या कापात चांगली पुरुषभर माती दिसते, मग जांभा. म्हणजे अगदी कातळावरचं झाड नाही.

ढोलीचं तोंड दोन वीत उंच, वीतभर रुंद. बॅटरी मारून काठी घातली. तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत 40 सेंमी. तिथे पेचकस टोचला तर तीन सेंमी मऊ लाकूड, मग टणक. लाकडी मोगरीने बुंध्याभोवती ठोकून बघितलं. ढोलीच्या वर-खाली ढब ढब, बाकी सगळीकडे भरीव आवाज.

ओळंबा सोडून खुंटी ठोकलीय. शेंडा वरून सरळ आहे, कलणं फक्त बुंध्यात.

आणि ती फांदी. वर गडी चढवला होता. ती जिथे खोडाला मिळते तिथे व्हीसारखी चिमटीत खाच आहे. त्यात साल आत दडपलेली आणि निसर्गच्या वेळची उभी चीर, हाताचं बोट जाईल एवढी. खाचेत पानं कुजून काळं पाणी साठलेलं.

कातळसडा | 18 मार्च, सकाळी 6:50

ताई, तुम्ही आणि भावाने जे केलंत ते फार कमी लोक करतात. आता सांगतो.

89 व्यासाला त्रिज्या साधारण 45. भोवती त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, म्हणजे 15 सेंमी, निरोगी लाकूड सलग असेल तर पोकळ बुंधाही तोल सांभाळतो. तुमची 40ची ढोली आणि 3 मऊ धरले तर मागे 46 उरतं, ढोलीचं तोंडही लहान आहे. बुंधा पास. ढोलीत सिमेंट भरायचा सल्ला कोणी देईल, भरू नका. ओल आत कोंडते आणि झाड वाऱ्याने हललं की सिमेंट लाकडाला घासतं.

मूळ काठावर पास आहे, सुटलेलं नाही. म्हणून घराकडच्या बाजूचं वजन उतरवायचं.

फांदी मात्र ठेवायची नाही. दडपलेली साल असलेला सांधा कधी जुळतच नाही, त्यात चीर पडलीय. ती पावसाची वाट न बघता काढा. मोहर, कैऱ्या जातील, जाऊ देत.

उंबरठा | 18 मार्च, सकाळी 8:20

मी काढा म्हणालो होतो. मोजमापं वाचून माझं मत थोडं बदललंय. पण फांदी कापताना लाकूडवाल्याला झाड "बोडकं" करायला देऊ नका. आमच्या वाडीत वादळानंतर भीतीने पाच-सहा आंबे वरून सपाट तोडले. दोन वर्षांत काठ्यांसारखे फुटवे आले आणि तेच आता वाऱ्याने निखळून पडतात.

रानजाई | 18 मार्च, सकाळी 11:30

उंबरठांनी अगदी खरं सांगितलं. बोडक्या झाडाचे फुटवे वरवर, सालीलगत चिकटलेले असतात. जुन्या फांदीसारखे लाकडात खोल रुजलेले नसतात. एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त पाला काढू नका.

जड फांदी एका घावात कापायची नसते. आधी खोडापासून हातभर पुढे खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चिरायचं, मग थोडं पुढे वरून कापायचं, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नाही. उरलेला खुंट शेवटी, सांध्याशी जी फुगीर कडी दिसते तिच्या बाहेरून. ती कडी राखली तर झाड जखम स्वतः बुजवतं. अगदी खोडालगत कापलं तर कडी जाते, हातभर खुंट ठेवला तर तो कुजून आत पोकळी करतो. तुमची ढोलीही तशाच एखाद्या मोडलेल्या खुंटाची असेल.

कापायच्या आधी घरटी बघून घ्या. आणि सर्व्हिस वायर जवळ असेल तर वायरमनला सांगून वीज बंद करून घ्या.

सोनचाफा | 18 मार्च, दुपारी 3:00

आणि माड? आई म्हणते त्यालाही छाटून बघू.

कातळसडा | 18 मार्च, दुपारी 4:15

माडाला छाटणी नाही, ताई. आंबा शंभर जागी फुटतो, माडाचा जीव एकाच कोंबात. गेंड्या भुंग्याने नाहीतर सोंड्या भुंग्याने तो खाल्ला की झाड उभं राहूनही मेलेलंच. खोड आतून भुसभुशीत होत जातं आणि एक दिवस मधेच मोडतं. सहा महिने कोंब नाही आणि खाली न्हाणीघर. तुम्ही सगळे आंब्याकडे बघत होतात, तुमच्याकडचं सगळ्यात धोक्याचं झाड हे आहे. हे आधी काढा, आणि खोड परसात कुजत ठेवू नका, भुंगे त्यातच वाढतात.

चढून तोडायला कोणाला पाठवू नका. मेलेल्या माडावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. दोर लांबून टाकून, मोकळ्या बाजूला ओढून पाडा.

दूरदेशी | 18 मार्च, रात्री 10:30

न्हाणीघरात आई रोज किती वेळा जाते, याचा हिशेब केला तर कातळसडा काका बरोबर आहेत.

सोनचाफा | 13 एप्रिल, रात्री 9:45

माड शुक्रवारी पाडला. गडग्याच्या बाजूला दोर लावून ओढला, तर मधोमध दोन तुकडे झाले. आतून हात घालून भुसा काढता येत होता. त्याच्याखालून आई रोज पाणी तापवायला जात होती.

काल आंब्याची ती फांदी उतरवली. कटरवाला आणि दोन गडी, दीड दिवस. जड टोक दोराला बांधून हळूहळू खाली सोडलं, तरी चार कौलं फुटली. मोठी बांडगुळं फांदीसकट काढली. बाकीची पाऊस सरल्यावर. ओळंबा अजून खुंटीवर आहे. लाकूडवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, तो फोन भावाने स्वतः केला.

कातळसडा काका, कापलेल्या जागी बोर्डो (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायचा का?

कातळसडा | 14 एप्रिल, सकाळी 6:30

आम्ही लावतो. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करा, लोखंडी भांड्यात नको. बुंध्याला मातीपासून कमरेपर्यंतही हात मारा. डांबर किंवा ऑईलपेंट मात्र जखमेला फासू नका.

फांदीचं लाकूड विकलं का?

सोनचाफा | 14 एप्रिल, सकाळी 8:10

नाही. आईने पडवीच्या मागे रचून ठेवलंय. तिने कशासाठी ठेवलंय ते मी विचारलं नाही, आमच्याकडे आंब्याचं लाकूड का राखतात ते सगळ्यांना माहीत आहे.

सोनचाफा | 2 जून, रात्री 8:20

यंदा पाऊस 25 मे लाच कोकणात उतरला, पाडाचे आंबे निम्मे तसेच गळून कुजले. त्याआधीच्या आठवड्यात दोन रात्री वारा खूप होता. शेजारच्या मुलाने सकाळी ओळंबा सोडून व्हिडिओ पाठवला. टोक खुंटीच्या डोक्यावरच आलं.

बुंध्याशी साठणारं पाणी खड्ड्याकडे न जाता विहिरीच्या पाटात जावं म्हणून भावाने गेल्या महिन्यात चर खणून घेतला, मुळं सोडून. कापलेल्या जागेच्या कडेने तांबूस पालवी फुटली आहे, बोटभर लांब. आई परत आपल्या खोलीत झोपायला लागली.

उंबरठा | 2 जून, रात्री 9:05

ताई, आम्ही पडवी परत बांधली तेव्हा फणसाच्या जागी काहीच लावलं नव्हतं. तुमच्या आंब्याची कोय मिळेल का? यावेळी घरापासून चाळीस फुटांवर लावणार आहे.

सोनचाफा | 2 जून, रात्री 9:12

आईने कालच वीसेक कोयी धुवून सावलीत ठेवल्यात. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा दादा. कोय लवकर सुकते, म्हणून उद्याच निघेल.